आबाजीचं रिंगण

तांबळी नदीच्या काठाला, आमच्या कोंडसर गावच्या खालच्या अंगाला, ओवळीच्या झाडाशेजारी जो लांबलचक मांगर दिसतो ना, तो होड्यांचा. होड्या कोणा एकाच्या नाहीत, गावाच्या आहेत. जांभ्या दगडाच्या भिंती, वर नळे, म्हणजे गोल कौलं, आत ओळीनं पालथ्या घातलेल्या होड्या. चौकट आहे, चौकटीला कडी आहे, कोयंडाही आहे. दार तेवढं नाही. कधी नव्हतंच असं नाही, होतं. ते कुठं गेलं ते सांगते, म्हणजे मघाशी तुमच्यातला जो म्हणाला की आजी, इथं शटर लावून घ्या, होड्या कोणीतरी घेऊन जाईल, त्यालाही कळेल.

जाईना का घेऊन. न्यायलाच ठेवल्या आहेत.

आणि ती पलीकडची जागा पण बघून ठेवा. नदी वळते तिथं, काळ्या कातळाखाली, पाणी गोल गोल फिरतंय. भरती असो, ओहोटी असो, वारा पडलेला असो, ते फिरायचं थांबत नाही. त्याला आबाजीचं रिंगण म्हणतात. मांगराची गोष्ट आणि रिंगणाची गोष्ट एकच आहे. मला माझ्या आजेसासूनं सांगितली, तिला तिच्या सासूनं. बायकांनीच ती जपली, कारण मुळात ती बाईचीच आहे.

या नदीवर तेव्हा एकच होडी होती म्हणे, आणि ती आबाजी मक्तेदाराची. तरीचा, म्हणजे माणसं पैलपार नेण्याचा, मक्ता त्याच्या घराण्याकडे होता. दुसऱ्या कोणी होडी पाण्यात घातली की त्याची माणसं येऊन तळाला कुऱ्हाडीचा घाव घालीत आणि होडी तशीच काठावर कुजायला सोडून देत, बघणाऱ्यांनी बघावी म्हणून. वैद्य पलीकडे, बाजार पलीकडे, लेकीबाळी दिलेल्या त्याही पलीकडे. जायचं झालं की आबाजीच्या ओटीसमोर उभं राहून हाक मारायची. त्याच्या मनात आलं तर तो मान हलवी, मग त्याचा तरवाला गुणाजी वल्हं उचले. मनात नसलं तर माणूस उन्हात उभा. आबाजी झोपाळ्यावर बसून सुपारी कातरीत राही आणि उभ्या माणसाकडे बघतही नसे.

स्वतः आबाजी होडीत बसला की पुढच्या फळीवर, तोंड पुढे करून, डोक्यावर छत्री. गुणाजी मागे, त्याच्या पाठीशी. हे ध्यानात ठेवा.

त्याच गावात लवू म्हणून एक सुतार होता. होड्या घडवणारा. आंब्याचं एक खोड घेऊन ते वाकसानं आतून असं कोरायचा की कुठं जाड नाही, कुठं पातळ नाही. इथं होडी ठेवायला बंदी, म्हणून त्याच्या होड्या खाली खाडीकडच्या गावांना जात. आबाजीची तरीची होडीसुद्धा त्यानंच घडवलेली. त्याला आई नाही, बाप नाही, एक मोठी बहीण होती, आवडी. लग्न झालं होतं, पण नवरा लवकर गेला आणि ती भावाकडे परत आली. मोठ्या करवतीचं एक टोक लवूच्या हातात, दुसरं आवडीच्या. त्यानं ओढायची, तिनं ओढायची. लोक म्हणत, भावाबहिणीची जोडी बघा, एक बोलत नाही आणि दुसरीही बोलत नाही, करवतच काय ती बोलते.

एका दुपारी लाकडांच्या ढिगात हात घातला आणि लवूला नाग डसला.

पलीकडच्या गावचा वैद्य विषावर औषध द्यायचा. आवडीनं भावाला पाठीवर घेतलं आणि काठावर आणलं. होडी समोरच होती. पण त्या दिवशी आबाजीच्या नातवाचं बारसं होतं आणि पलीकडून व्याही यायचे होते. होडी धुऊन पुसून ठेवलेली, नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, आंब्याचं तोरण, बसायला घोंगडी. गुणाजी वल्हं हातात घेऊन बसलेला.

आवडीनं ओटीकडे बघून हाक मारली. आबाजी बाहेर आला. त्यानं लवूकडे बघितलं, निळ्या पडलेल्या हाताकडे बघितलं.

"हा काय पलीकडे पोचत नाही," तो म्हणाला.

"पोचेल. होडी सोडायला सांगा."

"आणि वाटेत गेला तर? तोरण बांधलेल्या होडीत मरणारा माणूस घालीत नाहीत, बाई. व्याही यायचेत माझे. होडी विटाळली तर त्यांना काय तुझ्या पाठीवरून आणू?"

ओटीवरची माणसं हसली म्हणे. आवडी मग गुणाजीकडे वळली. "गुणाजी, तू तरी." गुणाजीनं वल्ह्याकडे बघितलं, मालकाकडे बघितलं, आणि तो खाली पाण्याकडे बघत राहिला.

ती तिथंच वाळूत बसली, भावाचं डोकं मांडीवर घेऊन. लवू शुद्धीवर होता. तो होडीकडे बघत होता. असे सांगतात की शेवटी तो एवढंच बोलला, "आवडे, नाळ जरा उजवीकडे झुकलीय गे. मी नीट करणार होतो." त्याच्या हातची होडी ना ती. थोड्या वेळानं तो गेला. नंतर होडी सुटली, पलीकडे गेली, आणि वाजतगाजत व्याह्यांना घेऊन आली. व्याही उतरताना मढ्याला वळसा घालून गेले.

आवडी रडली नाही. आबाजी व्याह्यांचा हात धरून ओटीवर चढत होता, तेव्हा ती उभी राहिली आणि सगळ्यांसमक्ष बोलली.

"आबाजी, तुम्ही होडी दिली नाहीत. मी देईन. तुम्ही या नदीवर हाक माराल त्या दिवशी मी तुम्हाला होडी देईन. नाही म्हणणार नाही."

लोकांना वाटलं दुःखानं बाईचं डोकं फिरलं. शिव्याशाप देईल, केस मोकळे सोडील, छाती पिटील, असं वाटलं होतं. ही तर उलट आशीर्वाद दिल्यासारखं बोलली. आबाजी पण हसला.

लवूची एक होडी अर्धी कोरून पडली होती. दिवसकार्य झाल्यावर आवडीनं भावाचा वाकस कमरेला खोचला आणि ती होडी पुरी करायला घेतली. पण वर बसवायच्या फळ्या कापायला मोठी करवत लागते, आणि तिला दोन टोकं. ती एक टोक धरून अंगणात बसून राहायची. कोणी विचारलं की म्हणायची, "दुसरं टोक धरणारा कोणीतरी येईल."

पहिली आली भागी परटीण. तिची आई पलीकडच्या गावात आजारी होती, आणि आबाजीनं दोन दिवस होडी सोडली नाही म्हणून भागीला आईचं तोंड दिसलं नव्हतं. ती येऊन बसली आणि तिनं दुसरं टोक धरलं. मग अंतू गुरवाची सून आली. तिच्या लग्नाचं वऱ्हाड त्या काठावर ताटकळलं होतं आणि मुहूर्त टळला होता, सासू ते अजून उगाळीत होती. मग आणखी माणसं आली. गावात असं घरच नव्हतं की ज्याचं कोणीतरी त्या काठावर उभं राहून परत फिरलं नव्हतं. आवडी कोणाकडे लाकूड मागत नसे. ती एकच विचारायची, "तुमचं कोण राहिलं काठावर?" जे नाव सांगतील त्या नावाची होडी. पहिली होडी लवू. दुसरी भागीची आई. आजही होड्यांची नावं तीच आहेत. आत जाऊन नाळेवर हात फिरवून बघा, कोरलेली आहेत.

आता बंदी होती, तर होड्या ठेवायच्या कुठं? आवडीनं सगळ्या होड्या ओवळीखाली गावदेवीचं देऊळ आहे, तिथं आईच्या पायाशी नेऊन ठेवल्या. देवीला सोडल्या. देवीच्या वस्तूवर कुऱ्हाड कोण चालवणार? आबाजीची माणसं आली, होड्या बघितल्या, देवळाकडे बघितलं आणि कुऱ्हाडी खांद्यावर टाकून परत गेली. मग पावसाच्या आधी गावानं मिळून त्यांच्यावर मांगर घातला. कोणी जांभा काढला, कोणी माती कालवली. पोरंसुद्धा नळे एकमेकांच्या हातात देत वर चढवीत होती.

आबाजी तो बघायला आला. "काय गं, भावाच्या सरणाला लाकडं कमी पडली होती काय, म्हणून अजून गोळा करतेस?"

"तुमच्यासाठीच चाललंय, आबाजी," आवडी म्हणाली.

त्याला ते झोंबलं. जत्रेतल्या पहिल्या नारळाचा मान त्याच्या घराकडे होता, म्हणजे गावचा पहिला मानकरी तो. त्यानं सांगून टाकलं, मांगर देवीचा आहे ना, मग कुलूप मानकऱ्याचं. फणसाचं जाडजूड दार त्यानं स्वतःच्या खर्चानं करून आणलं, बसवलं, कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला अडकवली. त्याच्या मनात होतं की विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडी आणि बायका करवत घेऊन गेल्या. कुलपाला कोणी हात लावला नाही. त्यांनी बिजागऱ्यांकडून दार कापलं, खाली उतरवलं आणि तिथंच देवळासमोर चिरून त्याची वल्ही केली. फणसाचं पिवळंधमक लाकूड, सगळं अंगण उजळलं म्हणे. उरलेली कडी, कोयंडा आणि कुलूप चौकटीला लोंबत राहिलं. आबाजीची किल्ली शेवटपर्यंत त्याच्या कमरेला होती. उघडायला दारच नव्हतं.

"वल्ही झाली," आबाजी ओटीवरून म्हणाला. "मारणार कोण? धुणं बडवणाऱ्या बायका?"

हो, त्याच. आवडीनं आधी सगळ्यांना कोरड्या वाळूत ओळीनं बसवलं आणि हवेत वल्हं मारायला शिकवलं. डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि मध्ये मनगट वळवायचं. अंतू गुरव म्हातारा म्हणाला, "आवडे, मला आता कुठं जायचंय गे? माझी शेवटची वाट काय पाण्यातून नाही." ती म्हणाली, "तुम्ही हाक मारीत उभं राहायचं नाही म्हणून शिकायचं. बसा." तो बसला. भागीनं पहिल्याच दिवशी पुढच्या बाईच्या डोक्यात वल्हं घातलं, तिनं मागे वळून दुसरं हाणलं, आणि त्या दोघींचं भांडण मिटवायला बाकीच्यांना वल्ही खाली ठेवावी लागली. पण शिकल्या. पाण्यात उतरल्यावर महिनाभर होड्या गोलगोल फिरत. नवख्याचा हात एकाच बाजूला चालतो, आणि होडी फिरते. सगळ्यांचंच तसं होतं. हेही ध्यानात ठेवा.

गुणाजी दुरून बघायचा. एके दिवशी तो येऊन वाळूत मागच्या ओळीत बसला. आवडी त्याच्यापुढे उभी राहिली.

"तुला काय शिकायचंय? तुला येतं. त्या दिवशीही येत होतं."

गुणाजीनं मान वर केली नाही. "मी काय करू ते सांग."

"मालकाला न्यायचं, आणायचं. जसं करतोस तसंच. एक दिवस मी सांगेन तेव्हा फक्त न्यायचं."

तो दिवस जत्रेचा. जत्रेला आबाजी सकाळी पलीकडे जाऊन व्याह्यांना आमंत्रण देई, तिथं जेवून दुपारी परत येई, आणि देवीची पालखी उठायच्या आत पहिला नारळ वाढवी. पालखी उठेपर्यंत मानकरी आला नाही तर मान सुटला, कायमचा, अशी रीत. त्या साली जत्रेला आवडीनं सगळ्या होड्या बाहेर काढल्या, धुतल्या आणि एकेका होडीला आंब्याचं तोरण बांधलं. गावाला वाटलं, देवीच्या होड्या आहेत, शोभा केली.

गुणाजीनं आबाजीला पलीकडे उतरवलं. आबाजी छत्री घेऊन व्याह्यांच्या घराकडे चढून गेला, आणि गुणाजी तरीची होडी घेऊन एकटा परत आला. ती त्यानं मांगरात पालथी घातली.

उन्हं कलली. ढोल सुरू झाले. पलीकडच्या काठावर आबाजी येऊन उभा राहिला, मागे व्याही निरोप द्यायला आलेले. काठ रिकामा. त्यानं हाक मारली.

सगळं गाव अलीकडे उभं होतं. प्रत्येकाच्या हातात वल्हं. कोणी हललं नाही. आबाजीनं पुन्हा हाक मारली, गुणाजीच्या नावानं, मग इतरांची नावं घेऊन, मग नुसतीच. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. गावानं तो आवाज नीट ऐकून घेतला. त्यात घाई आहे की नाही ते प्रत्येकजण पारखत होता, कारण प्रत्येकाचा आवाज कधी ना कधी तसा झाला होता.

मग आवडी भागीच्या आईच्या होडीत बसली, लवू होडीला दोरीनं मागे बांधलं आणि एकटीनं नदी पार केली. लवूची नाळ वाळूला लावली, दोरी सोडली.

"बोलले होते. ही घ्या होडी."

"आणि चालवणार कोण?" आबाजी म्हणाला.

"वल्हं आत आहे. तुमच्याच दाराचं आहे."

आणि ती परत फिरली. व्याह्यांच्यात कोणीतरी मागून म्हणालं, "बसा की, आबाजी. नदी तुमचीच ना?" हसू फुटलं. देवळाकडे पालखीला खांदे लागत होते. आबाजी होडीत बसला.

तीस वर्षं तो या नदीवरून गेला होता. पण तोंड पुढे करून. वल्हं मारणारे हात त्यानं कधी बघितलेच नव्हते.

पुढच्या फळीवरच बसला तो, सवयीनं. वल्हं उजवीकडे मारलं, पुन्हा उजवीकडे. होडी फिरली. त्यानं जोर केला, ती जास्त फिरली. ओहोटी लागली होती. फिरत फिरत होडी कातळाकडे ओढली जाऊ लागली. आता आबाजीच्या हाकेत नाव नव्हतं, शब्दही नव्हता. गर्दीतली एक म्हातारी म्हणाली म्हणे, "आवडे, पुरे झालं गे." गुणाजीनं एक होडी पाण्यात ढकलली, एक पाय आत टाकला.

आवडीनं त्या होडीच्या नाळेवर हात ठेवला.

"तोरण बांधलंय," ती म्हणाली. "तोरण बांधलेल्या होडीत मरणारा माणूस घालीत नाहीत. रीत त्यांचीच आहे."

गुणाजीनं पाय बाहेर काढला. बाकीच्यांनी वल्ही खाली टेकवली. पालखी उठली.

लवू होडी मात्र रात्रीच्या भरतीबरोबर आपली आपण परत आली, असे सांगतात. कोणी ओढली नाही. नाळ मांगराच्या चौकटीत घालून उभी. आत वल्हं होतं, छत्री होती, माणूस नव्हता. तिची उजवी कड तेवढी भिजलेली, डावी कोरडी ठाक. आबाजी काही सापडला नाही. त्या दिवसापासून कातळाखालचं पाणी फिरायला लागलं.

शहरातली माणसं मला हटकून विचारतात, आवडीला नंतर पस्तावा झाला का? नाही झाला. ती पुष्कळ जगली. त्या वर्षी तिनं सगळी तोरणं सोडून पाण्यात टाकली आणि सांगितलं, या होड्यांना पुन्हा कधी तोरण बांधायचं नाही, सणाला नाही, लग्नाला नाही. बांधायचं कारण तेवढं एकदाच होतं. पहिला नारळ देवीला कोणी एकानं वाढवायचा नाही, ज्याच्या हातात वल्हं त्यानं वाढवायचा, असंही तेव्हाच ठरलं. आणि म्हातारपणी संध्याकाळी ती इथं, या चौकटीच्या उंबऱ्यावर येऊन बसायची, फिरत्या पाण्याकडे बघायची आणि म्हणायची, "फिर. अजून फिर." एवढंच. मग उठून घरी जायची आणि पोटभर जेवायची.

आबाजीचं घर पडलं, माणसं गाव सोडून गेली. पण आमच्यात अजून कोणी त्या घरातल्या माणसाला बरं म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही.

आजही पलीकडच्या काठाला एक होडी कायम असते, आत एक वल्हं. तिकडून कोणी हाक मारली तर आम्ही ऐकत नाही. होडी आहे, या. आजही या गावात रिकाम्या हातानं होडीत बसता येत नाही. नवरी सासरी येते ती स्वतः वल्हं मारीत येते, मोठा साहेब आला तरी आधी त्याच्या हातात वल्हं देतात. येत नसेल तर वाळूत बसा, शिका, मग चला. तुमच्या त्या रंगीत प्लास्टिकच्या होड्या मांगरात ठेवायच्या असतील तर खुशाल ठेवा, जागा पुष्कळ आहे. पण गावातल्या पोरांना त्या चालवायला द्याव्या लागतील.

तर घ्या, प्रत्येकी एक उचला. तुम्ही पण, ताई. छत्री राहू दे इथं. आणि एक सांगते, रिंगणाजवळून जाल तेव्हा होडीतली आमची पोरं क्षणभर वल्हं वर धरतील, डाव्या बाजूला एकदा पाणी मारतील, उजव्या बाजूला एकदा, त्याला दाखवून. मग म्हणतील, "फिर, आबाजी." तुम्हीही म्हणा. आजही त्या आवाजाला पाणी थोडं जोरानं फिरतं.